वस्तरा घ्यावा की सेफ्टी रेझर?

"मामा, वस्तरा घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ?" बेळगावात टिळकवाडीकडची कॉलेजची पोरं हल्ली येताजाता विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेली असतात. माझं उत्तर ठरलेलं: घरी सेफ्टी रेझर, म्हणजे दुधारी पातं बसवायचा मुठीचा रेझर, घे बाबा, वस्तरा माझ्याकडंच राहू दे. शहापुरात वडिलांपासून आमचं दुकान आहे, दिवसभर वस्तराच हातात असतो. पण स्वतःची दाढी मी सेफ्टी रेझरनंच करतो.

दुसऱ्याची दाढी करताना पातं मला समोर दिसतं आणि दुसऱ्या हातानं मी कातडी ताणून धरतो. स्वतःची करायची म्हटलं की सगळं फिरतं. उजव्या हातानं डावा गाल करायचा तर मनगट तोंडावरून आडवं न्यावं लागतं आणि आपल्याच हाताआड आरसा जातो. हनुवटीखाली तर अंदाजच.

दुसरी गोष्ट निगा. सलूनमध्ये तुम्ही बघता त्या वस्तऱ्यात अर्धं पातं असतं. दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडायचं आणि दर गिऱ्हाइकाला नवं घालायचं. बी-सी कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, म्हणून यात कुचराई चालत नाही. न्हावी तुमच्यासमोर पातं बदलत नसेल तर खुर्चीवरून उठा, लाजू नका. अखंड पात्याचा जुना वस्तरा वेगळा. त्याला दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस वेळा फिरवावं लागतं, पाठ पुढं आणि धार मागं. उलटं गेलं की पट्टा कापला आणि धारही गेली. अधूनमधून दगडावर लावणं आलंच. त्यात आपला पावसाळा. खानापूर-जांबोटीकडं घरातली कुलपं गंजतात, तिथं पोलादी पातं काय टिकणार? नीट कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवल्याशिवाय मिटायचं नाही.

किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालं ते पातं बदलायच्या रेझरचं. धार लावण्याची कटकटच त्यानं काढून टाकली.

आता निवड. पहिल्यांदा घेताय तर पात्याखालची पट्टी सरळ असलेला घ्या. दातेरी पट्टीचा दाट, वाढलेल्या दाढीला बरा, पण हात बसल्यावर. मूठ फिरवली की वरची झाकणं उघडतात तो रेझर सोयीचा. तीन तुकड्यांत सुटणारा मात्र धुवायला सोपा आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून मी तोच सांगतो. हातात घेऊन बघा, वजन डोक्याकडं असावं. पातं घालून स्क्रू आवळला की दोन्ही बाजूंनी धार सारखी डोकावते का तेही बघा. एका बाजूला जास्त दिसली तर सोडून परत बसवा. पातं कायम आखूड कडांना धरायचं. ब्रँडवर वाद घालत बसू नका, दोन-तीन कंपन्यांची पाकिटं आणा. एकाला रेशमासारखं लागणारं पातं दुसऱ्याला खरवडतं.

दाढी भिजवण्यात लोक घाई करतात आणि मग पात्याला शिव्या घालतात. कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं भिजवा, केस पाणी पिऊन मऊ पडतो. बोअरचं जड पाणी असेल तर फेस धरत नाही, तेव्हा साबण थोडा जास्त घ्या आणि ब्रश गोल फिरवत राहा.

खरी मेख कोनात आहे. रेझरचं डोकं गालाला टेकवा, मूठ गालापासून काटकोनात धरा आणि हळूहळू खाली आणा. धार केसाला लागल्याचा बारीक खरखर आवाज येईल, तिथं थांबा. साधारण तीस अंश होतात. मनगट आखडून हात कोपरापासून चालवा, घास इंचभराचाच. जोर अजिबात नको, रेझरचं वजन पुरे. प्लॅस्टिकच्या रेझरची सवय असलेला माणूस हमखास दाबतो आणि गळ्यावर लाल पुरळ घेऊन माझ्याकडं येतो.

दोन दिवसांची दाढी असताना बोटं फिरवून केसांचा कल बघून ठेवा. गळ्यावर तो बहुतेकांचा आडवातिडवा असतो. पहिला हात कलाबरोबर, मग परत फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात पहिले काही आठवडे नकोच. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. जिथं जास्त झोंबेल तिथं जोर पडला होता असं समजा. पहिली दाढी लग्नाच्या नाहीतर मुलाखतीच्या सकाळी करू नका.

तरी वस्तऱ्याची हौस फिटत नसेल तर अर्ध्या पात्याचाच घ्या. सुरुवातीला फक्त गाल करा, बाकीचं रेझरनं. हनुवटी आणि मिशीची कोर सगळ्यांत शेवटी शिकायची. आणि घरात लहान पोर असेल तर कडी घातलेल्या दाराआडच.

चार-पाच दाढ्यांनंतर पातं ओढायला लागतं, तेव्हा बदला. जुनी पाती कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात साठवा, भरला की चिकटपट्टी लावून 'पाती' असं लिहून द्या. सांबऱ्याहून विमानानं निघालात तर पातं काढलेला रेझर हातातल्या बॅगेत चालेल, पाती मात्र जमा करायच्या सामानात टाका.