पाचवी ते आठवीच्या मुलांना गोष्टीचं पुस्तक कसं सुचवावं

या वयाचं मूल ग्रंथालयाच्या काउंटरवर येतं तेव्हा सहसा मागे आई किंवा बाबा उभे असतात आणि पहिलं वाक्य त्यांचंच असतं. "हिला कायतरी चांगलं द्या बघू, मोबाइल सुटंना झालाय." इथंच निम्मं काम बिघडतं, कारण मोबाइलवरचा उतारा म्हणून दिलेलं पुस्तक मूल काढ्यासारखं नाक दाबूनच घेणार. आईबाबांना आदरानं वर्तमानपत्रांच्या टेबलाकडं पाठवा आणि मुलाशी एकट्यानं बोला.

कोल्हापूरला वाचनालयाची सवय जुनी आहे, करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. तरीही नऊ ते तेरा वर्षांचं पोरगं कुठल्याही ग्रंथालयात दोन कपाटांच्या मध्ये अडकतं. चित्रांची पुस्तकं त्याला 'बारक्या पोरांची' वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या झेपत नाहीत.

सुरुवात प्रश्नापासून करा, पण "तुला कुठली पुस्तकं आवडतात?" असं विचारू नका. न वाचणाऱ्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर नसतं आणि वाचणारं मूल तुम्हाला खूश करणारं उत्तर देतं. त्यापेक्षा "संपूच नये असं वाटलं, असं शेवटचं काय बघितलंस?" असं विचारा. मग पिक्चर, कार्टून, गेम, आजीची गोष्ट, शाहू स्टेडियमवरची मॅच असं काहीही निघतं. त्यातून मुलाला हसायला आवडतं, कोडं सोडवायला, धावपळ की वेगळंच जग, एवढं कळलं तरी पुरे. इयत्ता नंतर विचारली तरी चालते.

मग वाचनाचा वेग बघा. इथली इंग्रजी माध्यमाची पुष्कळ मुलं मराठी बोलताना तोंडाचा पट्टा थांबवत नाहीत, पण छापलेली मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात. पुस्तकातलं मधलंच एखादं पान मनात वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायला लावा. पाचही बोटं मोडली तर सध्या दुसरं पुस्तक बरं. मोठ्यानं मात्र वाचायला लावू नका, रांगेत मागं वर्गातलंच कुणीतरी उभं असतं.

आता कपाटाकडं चला. अडखळत वाचणाऱ्याला आणि हसायला आवडणाऱ्याला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' द्या. त्यातल्या गोष्टी सुट्या आहेत, एक वाचून थांबलं तरी काही तुटत नाही. फुटबॉलवेड्या, जागेवर न बसणाऱ्या पोराला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बन्या सायकलवरून संकटात घुसतो आणि गोष्टही पहिल्या काही पानांतच पळायला लागते. कोडं आवडणाऱ्यासाठी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आहे, आणि त्या गोष्टी सांगणारा तोपशे हा त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ असल्यामुळे मुलाला आत शिरायला वाट मिळते.

'हॅरी पॉटर'ही मराठीत आहे. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा होतो, त्यामुळे पाचवी-सहावीला तो अगदी योग्य. पण पुढच्या भागांत वय वाढतं तशी गोष्ट जाड आणि काळोखी होत जाते, चौथ्या भागापासून तर मृत्यू थेट समोर येतो. दहा वर्षांच्या मुलाला सातही भाग एका दमात संपवायला लावण्यात काही शहाणपण नाही. मूल स्वतःच थांबत नसेल, तर मात्र अडवूही नये.

सातवी-आठवीच्या मुरलेल्या वाचकासाठी माझी आवड प्रकाश नारायण संतांचा 'वनवास'. ते बालसाहित्य म्हणून लिहिलेलं नाही. पण त्यातला लंपन शाळकरी आहे, आजी-आजोबांकडं राहतो, आणि त्याच्या मराठीत कानडी मिसळलेलं आहे. पुण्यातल्या मुलाला कदाचित तिथं ठेच लागेल. गडहिंग्लज-निपाणीकडं पाहुणे असणाऱ्याला ती भाषा ओळखीची वाटते. आनंद यादवांची 'झोंबी' कागलची, तीही घरच्या बोलीतली, पण शिकण्यासाठी झगडणाऱ्या त्या पोराच्या वाट्याला आलेला मार आणि दारिद्र्य जड आहे. आठवीच्या आधी ती पूर्ण देऊ नये, एखादं प्रकरण बरोबर बसून वाचावं.

एका वेळी तीनच पुस्तकं समोर ठेवा: एक सोपं, एक बेताचं, एक थोडं वरचं. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोला आणि अडचणीपाशी थांबा. "याला आईवडील नाहीत, परक्या घरात आलाय, आणि तिथं कुणाला तो नीटसा माहीत नाही." 'गोट्या'साठी एवढं बस्स. तात्पर्य सांगितलंत की पुस्तक परत कपाटात गेलंच म्हणून समजा. मुलींची आणि मुलांची अशी वाटणीही करू नका.

कधी सहावीतली मुलगी पिक्चर बघून मिलिंद बोकीलांची 'शाळा' मागते. ती नववीतल्या मुलांची, आणीबाणीच्या काळातली गोष्ट. सरळ "नाही" म्हटलं तर ती ते पुस्तक मैत्रिणीकडून मिळवते. "दोन वर्षांनी जास्त मजा येईल, तोवर हे बघ" म्हणून दुसरं शाळेतलंच पुस्तक पुढं करावं. तरीही हवंच असेल तर निर्णय आई-वडिलांशी बोलून. पुस्तकात काय आहे ते त्यांना स्पष्ट सांगा, गुळमुळीत बोलू नका.

"संस्कार होतील असं द्या" म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालून उपयोग नसतो. त्यांच्या आवडीचं एक आणि मुलाच्या आवडीचं एक, अशी दोन पुस्तकं एकाच कार्डावर जात असतील तर देऊन टाका. कुठलं आधी वाचायचं ते मूल ठरवेल.

पुस्तक परत आल्यावर "काय शिकलास?" असं विचारू नका. "कुठं सोडलंस?" हे विचारा, आणि असं विचारा की सोडणं चालतं हे मुलाला कळावं. विसाव्या पानावर सोडलं तर भाषा अडली असेल. शंभराव्या पानावर सोडलं असेल तर गोष्ट रेंगाळली, पुढचं पुस्तक छोटं द्या. हे एका वहीत मुलाच्या नावापुढं टिपून ठेवा, कारण पुढच्या वेळी काउंटरवर दुसरंच कुणी असू शकतं. ज्याला कादंबरीच नको त्याला 'किशोर' मासिकाचे जुने अंक द्यावेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्यातली गोष्ट एका बैठकीत संपते.

मे महिन्याच्या सुट्टीआधी प्रत्येक मालिकेच्या पहिल्या भागाच्या दोन प्रती तरी आहेत ना, ते बघून ठेवा. पहिला भाग बाहेर गेला की बाकीचे सगळे भाग सुट्टीभर कपाटातच राहतात.