बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर लावताना

इंदुरात नळाला नर्मदा आणि अंगणात बोअर, असा दुहेरी कारभार बऱ्याच घरांत असतो. सॉफ्टनर (कठीण पाणी मऊ करणारं यंत्र) लावायचा तो बोअरच्या लाइनवर. आधी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालतो, पर्याय नसेल तर ६००.

बहुतेक चुका दाबात होतात. गच्चीवरची टाकी यंत्रापासून दहा फूट उंच असली तरी दाब मिळतो दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो, आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्हला निदान दीड-दोन किलो हवा. तेवढा नसला की यंत्र रेझिन (कठीणपणा धरणारे आतले दाणे) धुवायला लागणारं मिठाचं पाणी ओढतच नाही. मीठ तसंच पडून राहतं, गीझरवर पांढरा थर चढतो आणि दोष मात्र रेझिनला लागतो! म्हणून टाकीनंतर प्रेशर पंप, मग गाळाचा फिल्टर, मग सॉफ्टनर. शिवाय बायपास (यंत्र टाळून पाणी नेणारी वाट) हवाच.

२५ लिटर रेझिन एकदा धुतल्यावर सुमारे १२५० ग्रॅम कठीणपणा धरतं. पाण्याचा कठीणपणा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल तर २५०० लिटरनंतर पुन्हा धुवा. दर धुण्याला मीठ साधारण पावणेचार किलो. जाडं मीठ किंवा गोळ्या घ्या, बारीक मिठाचे गठ्ठे होतात.

निचऱ्याची नळी गटारात बुडवू नका, तोंड वर मोकळं ठेवा, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जातं. धुण्यातून निघणारं खारट पाणी तुळशीलाही नको. मऊ पाण्यात सोडियम वाढतं, म्हणून स्वयंपाकाचा नळ नर्मदेवरच असू द्या.