फुलदाणीतली फुलं दोन दिवसांत माना टाकतात? या चुका टाळा

फुलदाणी काठोकाठ भरलेली असते आणि गुलाब तरीही मान टाकतो. मग आपण आणखी पाणी ओततो. उपयोग होत नाही, कारण पाणी देठातून वर चढतच नसतं. टोकाशी एकतर हवा अडकलेली असते किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर जमलेला असतो.

देठ आहे तसाच पाण्यात ठेवणं

फूल तोडल्यावर देठाच्या बारीक नळ्यांत हवा शिरते. म्हणून फुलदाणीत ठेवायच्या अगदी आधी टोक 2 ते 3 सेंमी तिरकं कापा, गुलाबाचं तर पाण्यात बुडवूनच. बोथट कात्रीने नळ्या दबतात, धारदार सुरी घ्या. कडक देठ ठेचायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो; तो ऐकू नका. ठेचलेल्या भागात जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं.

मान टाकलेला गुलाब लगेच फेकायचं कारण नाही. टोक पुन्हा कापा, फूल सरळ राहील असं कागदात गुंडाळा आणि दोन-तीन तास खोल कोमट पाण्यात उभं ठेवा. अडथळा हवेचा असेल तर मान बहुधा सावरते.

नुसती साखर घालणं

साखर फुलाला लागते, पण ती जिवाणूंनाही तितकीच आवडते. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं तर समजा, फुलांआधी त्यांचं पोट भरलं. 1 लिटर पाण्यात 1 छोटा चमचा साखर, 2 छोटे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा साधं, बिनसुगंधी ब्लीच घाला. रस आधी पाण्यात ढवळा, ब्लीच शेवटी. दोन्ही थेट एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. नाणं किंवा अ‍ॅस्पिरिन टाकून फारसं काही साधत नाही.

पाणी फक्त वरून भरणं

दर दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून द्या, फुलदाणी आतून साबणाने घासा आणि देठ पुन्हा थोडा कापा. पाण्याखाली एकही पान राहू देऊ नका, ते कुजतं.

जरबेराचं गणित वेगळं. त्याचा लवदार, मऊ देठ खोल पाण्यात सडतो; त्याला 5 ते 7 सेंमी पाणी पुरे.

फळांच्या टोपलीशेजारी ठेवणं

पिकलेली केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत मिटून सुकतात. कोमेजणारी फुलंही इथिलीन सोडतात, ती रोज वेचून काढा. पंख्याचा झोत आणि खिडकीतलं ऊनही टाळा.

डॅफोडिल लगेच इतरांत मिसळणं

त्याच्या देठातला चीक बाकीच्या फुलांना बाधतो. आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा. नंतर देठ पुन्हा कापू नका, नाहीतर चीक परत सुरू होईल.