रिपोर्टचा शेवटचा टी: डॉक्युमेंटेशनमध्ये हात घालणाऱ्या नव्यांसाठी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे तिचं मॅन्युअल, सुधारायला बसलं की पहिला मोह होतो वाक्यं सोपी करण्याचा. मलाही झाला. मी मराठी माध्यमातली. मॅन्युअलमधलं एकेक वाक्य तीन-तीनदा वाचायची आणि वाटायचं, हे कुणीतरी साधं करून लिहायला हवं.

मी स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुराचं, आरस्ट्रिप घेतलं. ही मजकुराच्या शेवटची अक्षरं काढून टाकणारी मेथड, म्हणजे तयार आज्ञा. मूळ मजकूर सांगतो, की आपण देतो तो अक्षरांचा संच, सलग शेपूट नव्हे. मला ते बोजड वाटलं. मी लिहिलं, 'शेवटी असलेला दिलेला मजकूर काढतं.' उदाहरण डेटा डॉट सीएसव्ही या फाइलनावाचं. डॉट सीएसव्ही गेलं, डेटा उरलं. चालवूनही बघितलं होतं. पाठवण्याआधी टीममधल्या सीनियर ताईंना दाखवलं. त्यांनी काही न बोलता रिपोर्ट डॉट टीएक्सटी टाकलं आणि डॉट टीएक्सटी काढायला लावलं. उत्तर आलं, 'रिपोर'.

आरस्ट्रिप उजवीकडून एकेक अक्षर बघतं. टी, एक्स, टी, टिंब, सगळे संचात, सगळे गेले. मग रिपोर्टचा स्वतःचा टी आला. तोही संचातला, तोही गेला. आर संचात नाही, तिथे थांबलं. डेटाच्या शेवटी ए होता म्हणून माझं उदाहरण नशिबाने वाचलं. आणि नवा माणूस वाक्य वाचत नाही, उदाहरण उचलतो. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं आपोआप चालवून बघणारं डॉकटेस्ट जरूर चालवा, पण ते फक्त उत्तर जुळतं का बघतं. वर लिहिलेलं वाक्य खोटं असलं तरी पास करतं. म्हणून मेथड जिथे फसवते तेच उदाहरण द्या.

या गोंधळात इतके जण अडकले, की २०२० साली पायथन ३.९ मध्ये रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स आणावे लागले. ते सुरुवातीचा किंवा शेवटचा दिलेला मजकूर सलग जुळला तरच काढतात. आज आरस्ट्रिपच्या नोंदीतच रिमूव्हसफिक्सकडे बोट दाखवलेलं आहे. एका ओळीचं काम, पण माझ्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा मोलाचं.

एआयकडून मजकूर गुळगुळीत करून आणू नका. तुम्ही जिथे अडखळलात ती जागाच त्यात पुसली जाते. तुमचा मसुदा स्वतः लिहून देणारा मेंटॉरही नको. रिपोर्ट डॉट टीएक्सटी हातात देणारा शोधा.

इंग्रजीची भीती मात्र सोडा. रिव्ह्यूमध्ये व्याकरण कुणीही दुरुस्त करून देतं. तुम्ही नेमके कुठे अडलात, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं, आणि सहा महिन्यांनी तुम्हीही विसरता. आजच लिहून ठेवा, कोणत्या इनपुटला काय उत्तर आलं आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं.