जुन्या गाडीचे दिवे दगा देतात तेव्हा: बल्बआधी अर्थिंग पाहा

इंडिकेटर दिला की त्या बाजूचा टेल लाइटही त्याच तालात लुकलुकतो. ब्रेक दाबला की टेल लाइट विझतो. जुन्या गाडीत असे काही दिसले की आधी बल्ब बदलला जातो, मग स्विच, आणि तरीही जमले नाही तर सगळी वायरिंग बदलायची भाषा सुरू होते. माझा आग्रह एकच आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा गंजलेल्या जोडात सापडतो, आणि त्यातही अर्थिंगच्या.

असे का, ते आधी समजून घ्या. दिव्याकडे पॉझिटिव्हची वायर येते, पण करंटची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. होल्डरमधून निघालेली एक छोटी वायर स्क्रूने पत्र्याला कसलेली असते; हेच अर्थिंग. त्या स्क्रूखाली गंज चढला की करंट दुसरी वाट शोधतो आणि शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परत जातो. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो तो यामुळे. अशा वेळी बल्ब निर्दोष असतो.

आधी बॅटरी, मग लक्षणे

एक मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारे यंत्र) आणि एक टेस्ट लॅम्प (एका वायरला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा दिवा) जवळ ठेवा. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. रेस दिल्यावर सगळेच दिवे उजळत असतील, तर दिव्यांच्या मागे न लागता अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याचा बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल तपासा.

आता गाडीभोवती फिरून काय पेटते आणि काय नाही ते कागदावर लिहून काढा. ही पाच मिनिटे पुढचे दोन तास वाचवतात. एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याचे अर्थिंग. मागच्या एका बाजूचे सगळे दिवे वेडेवाकडे वागत असतील तर त्या बाजूचे सामाईक अर्थिंग. सगळे ब्रेक लाइट एकदम गेले असतील तर फ्यूज किंवा पॅडलपाशी बसवलेला स्विच. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो, किंवा तिथे कमी वॅटचा एलईडी बसवलेला असतो.

बल्ब, होल्डर, फ्यूज

फिलामेंट नुसते डोळ्यांनी पाहून फसगत होते. मल्टिमीटर ओहमवर लावा. चांगला बल्ब अगदी कमी रोध दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. ब्रेक आणि टेल यांच्या २१/५ वॅटच्या दुहेरी बल्बच्या दोन्ही पिना एका उंचीवर नसतात, म्हणून तो उलटा जबरदस्तीने बसवू नका. होल्डरमधली स्प्रिंग ढिली पडली आहे का पाहा, हिरवट थर पॉलिश पेपरने काढा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागाची जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

फ्यूज जागेवरच तपासता येतो. दिव्याचा स्विच चालू ठेवा आणि टेस्ट लॅम्पची क्लिप चांगल्या पत्र्याला लावून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना टोक टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकीकडेच पेटला तर उडालेला. १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज कधीही घालू नका. तसे केले तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

खरी परीक्षा: लोडवर मोजणे

होल्डरमध्ये १२ व्होल्ट येतात म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. बल्ब काढून मोजले तर खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तेव्हा करंटच वाहत नसतो. बल्ब बसवून, दिवा चालू ठेवून मोजा. मल्टिमीटरची लाल पिन होल्डरच्या अर्थिंगला आणि काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष सापडला: स्क्रू काढा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या टोकापर्यंत मोजा. व्होल्टेज १० टक्के घटले तरी हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो, म्हणून हे छोटे आकडे गंभीरपणे घ्या.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

त्या सर्किटमधले सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. स्विच चालू केल्यावर तो लख्ख पेटला तर पुढे कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे. आता वायरिंग हलवत चला. डिकीच्या बिजागरीपाशी आणि पत्र्याच्या भोकांतून वायर जाते तिथे विशेष लक्ष द्या, कारण तिथलेच आवरण घासून जाते. बल्ब क्षणभर विझला की जागा हाताखाली आलीच. वायर कापण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

हेडलाइट मंद, पण बाकी सगळे ठीक

अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास, आणि वर्षानुवर्षे तो भार सोसून स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. स्विचला हात लावल्यावर तो गरम लागत असेल तर डिपर (खालचा झोत) आणि अप्पर (वरचा झोत) यांच्यासाठी एकेक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा आणि त्यांना बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजसह जाड वायर द्या. जुना स्विच मग फक्त रिले चालवतो. काम झाल्यावर होल्डरपाशी लोडवर पुन्हा मोजा, आणि आधीचा आकडा शेजारी लिहून ठेवा.