सकर, शार्क, अल्गी ईटर: मासा घेण्याआधी त्याचं शास्त्रीय नाव कसं तपासायचं

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘सकर’ मागितला की दोन इंचांचं ठिपकेदार पिल्लू पिशवीत पडतं. बहुतेक वेळा ते टेरिगोप्लिकथिस असतं आणि ४० सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. दोन फुटी टाकी साधारण एक फूट रुंद असते; एवढ्या माशाला तिथे वळताही येत नाही. मग तो नदीत किंवा धरणात सोडला जातो, आणि हे तर मुळीच करू नये. ‘सकर’ म्हणूनच विकला जाणारा अँसिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज, १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. ओळख पटवायला मासा काचेला चिकटून पाठीवरचा पर उभारेल तेव्हा फोटो काढा आणि पराच्या काड्या मोजा. टेरिगोप्लिकथिसच्या दहा किंवा जास्त भरतात, अँसिस्ट्रसच्या आठच्या आसपास.

‘अल्गी ईटर’ची गत अशीच. केसाळ शेवाळ खाणारा सयामी म्हणजे क्रॉसोकाइलस. स्वस्तात मिळणारा चायनीज म्हणजे जायरिनोकाइलस आयमोनिएरी. तो २५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर ओरबाडतो. तोंड काचेला घट्ट चिकटवून बसत असेल तर तो चायनीज. सयामीची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते.

‘शार्क’ या नावावर तर काहीच ठरवू नका. रेडटेल शार्क १२-१५ सेंटिमीटरचा, बाला शार्क ३० च्या पुढचा, आणि इरिडेसंट शार्क म्हणजे खाण्यासाठी तळ्यात वाढवतात तो पंगास, मीटरभराचा. यातला एकही खरा शार्क नाही.

म्हणून दुकानदाराला पुरवठादाराच्या यादीतलं नाव विचारा. ते फिशबेस या माशांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर रोमन लिपीत शोधा आणि कमाल लांबी पाहा. लांबीपुढे ‘एसएल’ असेल तर शेपटी धरलेली नाही, ‘टीएल’ असेल तर धरली आहे. पिल्लाचे आणि मोठ्या माशाचे फोटो दोन्ही ताडून पाहा. रंग वयानुसार बदलतात.

जुन्या पुस्तकातलं नाव सापडत नसेल तर फक्त दुसरा शब्द टाकून शोधा. प्रजातीचं (जीनस, म्हणजे पहिला शब्द) नाव बदललं तरी जातीचं (स्पीशीज, म्हणजे दुसरा शब्द) बहुधा टिकतं, फार तर शेवट बदलतो: पुंटियस फिलामेंटोसस आता डॉकिन्सिया फिलामेंटोसा आहे. पश्चिम घाटातली ‘मिस केरळ’ पुंटियस डेनिसोनाय होती, २०१३ पासून सह्याद्रिया डेनिसोनाय. तिच्यापुढे (डे, १८६५) असं कंसात लिहितात, कारण तिचं पहिलं वर्णन करणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी तिला वेगळ्या प्रजातीत, लेबिओत, ठेवलं होतं. नाव पहिल्यापासून त्याच प्रजातीत असतं तर कंस आला नसता.

नावात ‘सीएफ.’ दिसलं तर ‘त्या जातीसारखा, पण खात्री नाही’, ‘एसपी.’ म्हणजे जात ठरलेली नाही. अशा वेळी अंदाजाने नाव पुरं करू नका. फ्लॉवरहॉर्न आणि ब्लड पॅरट हे संकर आहेत, त्यांना शास्त्रीय नाव नाही. कुणी सांगितलंच तर ते विक्रीपुरतं.

पिल्लं दुसऱ्याला देताना पिशवीवर पूर्ण नाव लिहा, नुसत्या ‘पी.’वरून पोसिलिया की पॅराकाइरोडॉन ते कळत नाही. एंडलर मासे गप्पी माशांबरोबर एकाच टाकीत वाढले असतील तर ‘पोसिलिया विंगेई’ लिहू नका, ‘एंडलर × गप्पी’ लिहा. दोघांचा संकर सहज होतो आणि पिल्लांवरून तो ओळखता येत नाही.