झुपका दिसला की लगेच 'स्टॅफ' लिहू नका

जंतूंचे आकार: कॉकाय गोल, बॅसिलाय दांड्यासारखे, स्पायरिला पीळदार. एवढं तुम्हाला येतंच. एफवायच्या पोरांचं गाडं अडतं ते मांडणीपाशी, म्हणजे पेशी जोडीत, साखळीत की झुपक्यात, ते ओळखण्यापाशी. माझंही तिथेच अडलं होतं. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलची तारीख लागली की अजून पोटात गोळा येतो.

सापळा असा: प्लेटवरची कॉलनी (जंतूंचा वाढलेला ठिपका) लूपने, म्हणजे तारेच्या कड्याने, भरघोस उचलायची, स्लाइडवर थापायची, ग्रॅम स्टेन करायचं (यात जंतू जांभळे नाहीतर गुलाबी रंगतात), मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली जांभळे झुपके दिसले की 'स्टॅफिलोकोकस' (झुपक्यात राहणारा गोल जंतू, थोडक्यात 'स्टॅफ') लिहून मोकळं व्हायचं. अरे, जाड स्मिअरमध्ये, म्हणजे स्लाइडवर थापलेल्या थरात, सगळंच झुपक्यात दिसतं! साखळीत राहणारा स्ट्रेप्टोकोकससुद्धा. त्याची साखळी बघायची तर ब्रॉथमधली, म्हणजे पातळ माध्यमातली वाढ घ्या. अगारवरची, म्हणजे प्लेटमधल्या घट्ट माध्यमावरची कॉलनी सलाइनमध्ये घोळली की साखळ्या तुटतात, हाती जोड्या नि तुकडे लागतात. वाळलेल्या स्मिअरखाली पेपर धरा. अक्षरं वाचता आली तरच रंगवा, नाहीतर सरळ दुसरी स्लाइड घ्या. बघताना मधला गर्द भाग सोडून पातळ कडेला जा, आणि एका फील्डवर, म्हणजे भिंगात एका वेळी दिसणाऱ्या भागावर, निकाल देऊ नका.

दादरला झेरॉक्सवर मिळणारे तक्ते घोकण्यात अर्थ नाही. पेशी विभागते कशी ते समजून घ्या. एकाच प्रतलात विभागून चिकटून राहिली की जोडी किंवा साखळी. काटकोनातल्या दोन प्रतलांत चौकडी. तिन्हींत आठांचा घन, म्हणजे सार्सिना. पेशी वेड्यावाकड्या चिकटून राहिल्या की झुपका. दांडा आडवाच विभागतो, म्हणून बॅसिलायची चौकडी मिळत नाही. हे मला लॅबमधल्या काकांनी बेसिनपाशी उभ्या उभ्या समजावलं. क्लासची फी भरण्याआधी अशा काकांना चहा पाजा.

घाबरू नका, नजर बसते. पण आकारावरून जातीचं नाव ठोकू नका. ई. कोलाय आणि साल्मोनेला दोन्ही गुलाबी दांडेच. १८९६ला मुंबईत आलेल्या प्लेगचा जंतूही ग्रॅममध्ये गुलाबी दांडाच. दोन्ही टोकं गडद असलेलं त्याचं सेफ्टी पिनसारखं रूप मेथिलीन ब्लू किंवा गीम्सा या रंगांत जास्त उठून दिसतं. हॉस्पिटलच्या रिपोर्टातही आधी 'ग्रॅम पॉझिटिव्ह (म्हणजे जांभळे) कॉकाय, झुपक्यांत' एवढंच जातं. व्हायव्यात नाव विचारलं तर तेवढंच सांगा, आणि पुढे कॅटॅलेज करेन म्हणा (कॉलनीला हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं; कॅटॅलेज हे एन्झाइम असेल तर बुडबुडे येतात). मग परीक्षक हमखास विचारतात, ब्लड अगारवरची कॉलनी घेताना खालचं अगार का खरवडायचं नाही? तांबड्या पेशींतही कॅटॅलेज असतं, बुडबुडे त्यांचेच येतील.